टाकीत न मावणारे टोल्युईन

बँकेत असताना कॅश क्रेडिट खात्यांची मासिक साठापत्रके तपासणे हे माझे नित्याचे काम होते. कापडाच्या पेढीवर ठाण मोजले की प्रश्न मिटे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्याने मात्र मला वेगळाच धडा दिला. जीएसटी येण्यापूर्वीची ही गोष्ट.

मालकांनी मोठ्या खर्चाने ईआरपी प्रणाली बसवली होती. वर्षभरातच साठापत्रकात टोल्युईनचा आकडा इतका फुगला की तेवढे मावेल अशी टाकीच आवारात नव्हती. मी ड्रॉइंग पॉवर कमी केली. ऐन मागणीच्या दिवसांत मालकांची कोंडी झाली आणि संशयाचे बोट वळले ते जुन्या स्टोअरकीपरकडे. माल चोरीस गेला, एवढाच अर्थ सर्वांनी काढला.

त्या गृहस्थांनी शांतपणे आपली पेन्सिलीने लिहिलेली वही पुढे ठेवली. टाकीत पट्टी बुडवून रोज सकाळी घेतलेले माप तीत होते. उलगडा झाला तो असा: टोल्युईन हा द्रावक आहे; एका बॅचचे काम झाले की ऊर्ध्वपातनाने त्याचा बराचसा भाग परत मिळतो व पुन्हा वापरला जातो. संगणकात ही परतफेड प्रत्येक वेळी नवी आवक म्हणून चढे. वापराची नोंद मात्र फक्त ताज्या मालाचीच होई. प्रणाली बसवणाऱ्यांनी हिशेब विभागाशी महिनोन्‌महिने चर्चा केली होती, गोदामात कोणी फिरकलेच नव्हते! (आम्ही बँकवाल्यांनीही टाकीचे झाकण उघडून कधी पाहिले नव्हते, हेही कबूल केले पाहिजे.)

पुढे ताज्या व परत मिळालेल्या द्रावकास वेगळे सांकेतिक क्रमांक दिले गेले. आम्लांच्या नोंदीत वजनासोबत तीव्रताही आली. कारण ९८ टक्क्यांचे सल्फ्युरिक आम्ल आणि वापरून पातळ झालेले आम्ल यांचा एक किलो सारखा नसतो.

आता ५ कोटींवरील उलाढालीस १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत, १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे. चुकीची नोंद आता गुपचूप खोडता येत नाही.

मालकांनी स्टोअरकीपरची क्षमा मागितली. नव्या नोंदींची रचना ठरवताना त्यांची खुर्ची संगणक-तज्ज्ञाच्या शेजारी मांडली होती. पेन्सिलीची वही मात्र त्यांनी सोडली नाही.