विश्लेषण : जुन्या शर्यती बोटींचे कार्बोरेटर ई-२० पेट्रोलबद्दल काय सांगतात?

२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल, म्हणजेच ई-२०, हे आता देशातल्या पंपांवरचे नेहमीचे पेट्रोल झाले आहे. मायलेज घटते का, इंजिन खराब होते का, यावरून २०२५ पासून वाद सुरू आहे. तो बहुतेक वेळा मोटारींभोवतीच फिरतो. कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या इंजिनांचे काय होते, हे मात्र जुन्या इनबोर्ड शर्यती बोटींकडे पाहिले की चटकन समजते. अल्कोहोलवर इंजिन पळवण्याचा त्यांचा अनुभव कित्येक दशकांचा आहे.

नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यात अशा बोटी नाहीत. पण वीज केंद्रात आणि आसपासच्या कोळसा खाणींत ड्युटीवर जाणाऱ्यांच्या २०२० पूर्वीच्या दुचाकी आहेत, सावनेर तालुक्यातल्या शेतांत पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप आहेत. त्यांच्यातही कार्बोरेटरच आहे.

इनबोर्ड बोट म्हणजे काय?

बोटीच्या मागे बाहेर लटकते ते आउटबोर्ड इंजिन. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पी-१ पॉवरबोट शर्यतीतल्या बोटी याच प्रकारच्या होत्या. इनबोर्ड बोटीत इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले असते आणि ते बरेचदा मोटारीचे किंवा विमानाचे असते. १९३२ मध्ये आलेले फोर्डचे व्ही-८ इंजिन स्वस्त आणि दणकट होते, त्यामुळे अमेरिकेतल्या हौशी शर्यतपटूंनी ते बोटींत बसवले. दुसऱ्या महायुद्धानंतर लढाऊ विमानांची इंजिने स्वस्तात मिळू लागली. २६ जून १९५० रोजी सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ‘स्लो-मो-शन ४’ या बोटीने ताशी १६० मैल, म्हणजे सुमारे २५८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. तिच्या पोटात सुमारे २८ लिटर क्षमतेचे, १२ सिलिंडरचे ॲलिसन विमान इंजिन होते.

कार्बोरेटर नेमके काय करतो?

इंजिन हवा ओढते. ही हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाते. खालच्या वाटीतला फ्लोट पेट्रोलची पातळी सांभाळतो. यात ना सेन्सर, ना संगणक. किती पेट्रोल जाणार हे मुख्यतः छिद्राच्या मापावर ठरते. टाकीत कोणते इंधन आहे हे कार्बोरेटरला कळत नाही.

शर्यतीच्या इंजिनांवर दोन किंवा तीन कार्बोरेटर शेजारी शेजारी बसवले जात. फोर्ड व्ही-८ वर स्ट्रॉम्बर्ग ९७ हे मॉडेल विशेष लोकप्रिय होते. कार्बोरेटर वाढले की जास्त हवा मिळते, पण प्रत्येकाची झडप एकाच वेळी, सारखीच उघडावी लागते. नाहीतर काही सिलिंडरना जास्त इंधन मिळते, काही उपाशी राहतात.

बोटीच्या कार्बोरेटरवर आणखी एक जबाबदारी असते. गळलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखालून ती निघून जाते, बोटीच्या तळाशी मात्र साचते. एक ठिणगी पुरेशी. म्हणून अमेरिकेत १९४० च्या कायद्याने पेट्रोलवर चालणाऱ्या इनबोर्ड इंजिनाच्या कार्बोरेटरवर ज्वाळा अडवणारी जाळी सक्तीची केली.

मग अल्कोहोल वाईट आहे का?

नाही. शर्यतीच्या काही वर्गांत तर मुद्दाम मिथेनॉल वापरले जाते. अल्कोहोलचा ऑक्टेन जास्त असतो आणि बाष्पीभवन होताना ते आत येणारी हवा थंड करते, त्यामुळे इंजिनातून जास्त ताकद काढता येते.

पण त्यासाठी आधी तयारी करावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो आणि मिथेनॉलला सुमारे ६.४ किलो. तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून जास्त ओतावे लागते. म्हणून जेट मोठे केले जातात, इंधनाच्या नळ्या आणि पंप बदलले जातात. शर्यत संपली की यंत्रणेतले मिथेनॉल काढून ती धुऊन ठेवली जाते, कारण ते ॲल्युमिनियम कुरतडते आणि पाणी शोषून घेते. थोडक्यात, इंधन बदलले की इंजिनही त्याप्रमाणे बदलायचे, हा तिथला साधा नियम आहे.

ई-२० मध्ये अडचण कुठे येते?

जुन्या इंजिनाच्या बाबतीत इंधन बदलले, जेट तेच राहिले. शुद्ध पेट्रोलसाठी लावलेल्या कार्बोरेटरमध्ये ई-२० घातले की गरजेपेक्षा साधारण ८ टक्के कमी इंधन मिळते. मिश्रण पातळ होते. थंडीत गाडी चोकशिवाय सुरू होत नाही, पिकअप अडखळतो, प्लग पांढरट दिसतो. दुचाकीला उतार आणि सिग्नलवर उसंत तरी मिळते. बोटीचे इंजिन मात्र सतत चढावर असल्यासारखे ओढत असते, त्यामुळे पातळ मिश्रणाची उष्णता तिथे व्हॉल्व्ह आणि पिस्टनपर्यंत पोहोचते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. ई-२० ही मर्यादा ई-१० पेक्षा उशिरा गाठते, पण वेगळा होणारा थर मोठा असतो, आणि इंजिन तळातूनच इंधन ओढते. जी यंत्रे महिनोन्महिने उभी राहतात त्यांना हा धोका जास्त. बोट तशी आणि हंगामापुरता बाहेर निघणारा फवारणी पंपही तसाच.

तिसरा प्रश्न रबराचा. जुने ओ-रिंग, गॅस्केट आणि नळ्या इथेनॉलने फुगतात किंवा तडकतात. मग पेट्रोल गळते.

सरकारचे म्हणणे काय?

निती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच मायलेजमधली घट नोंदवली आहे : ई-० साठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, तर तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मोठ्या नुकसानीची भीती निराधार ठरवली. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील आणि तो खर्च किरकोळ असेल, असे मंत्रालयाने सांगितले. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

इथेनॉलच्या बाजूने भक्कम मुद्दे आहेत. तेल आयातीचे परकीय चलन वाचते, ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना खात्रीचा ग्राहक मिळतो. नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी या धोरणाचे सर्वांत ठाम समर्थक आहेत.

फरक आहे तो पर्याय असण्यात. अमेरिकेत ई-१५ पेट्रोल बोटी, मोटारसायकली आणि लहान इंजिनांत वापरायला मनाई आहे, तसा इशारा पंपावर चिकटवलेला असतो. ब्राझीलमध्ये १ ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण आहे, पण कोणतेही प्रमाण चालवून घेणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या तिथे २००३ पासून विकल्या जात आहेत. भारतात ई-२० साठी योग्य भाग असलेली वाहने एप्रिल २०२३ पासून येऊ लागली. बहुतेक दुचाकींनी कार्बोरेटर सोडला तोच मुळी १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांमुळे. आधीची यंत्रे अजून रस्त्यावर आणि शेतात आहेत.

जुन्या यंत्राच्या मालकाने काय करावे?

बोटवाल्यांच्या सवयी इथेही उपयोगी पडतात. यंत्र महिनाभर उभे राहणार असेल तर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. फवारणी पंपाची टाकी हंगाम संपल्यावर रिकामी करावी. पेट्रोलची नळी आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात, दर सर्व्हिसिंगला गळती तपासावी. प्लग सतत पांढरट येत असेल तर एक क्रमांक मोठा जेट लावायचा का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

हा खर्च एका दुचाकीला काहीशे रुपयांचा असेल. पण तो धोरण ठरवणाऱ्याच्या नव्हे, तर जुनी गाडी वापरणाऱ्याच्या खिशातून जातो, आणि जुनी गाडी सहसा तोच वापरतो ज्याला नवी परवडत नाही. कोणत्या मॉडेलला कोणता जेट, कोणती नळी, याची यादी कंपन्यांनी मराठीत जाहीर केली आणि सर्व्हिस सेंटरने ते भाग सवलतीत दिले, तर वादाचा मोठा भाग तिथेच मिटेल. शर्यतपटू इंधन बदलण्याआधी जेट बदलतो. इथे इंधन आधी बदलले आहे, जेट अजून बाकी आहेत.