उद्यानात आधी नळ दाखवा, मग पुतळा

२० मार्च २०२७ हा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा शताब्दी दिन. त्या निमित्ताने सुशोभीकरण, शिल्पे, कारंजी आणि रोषणाईच्या घोषणा ऐकू येतील. इकडे पनवेल, खारघर, उलवे ही रायगडच्या किनारपट्टीवरची शहरेही झपाट्याने वाढत आहेत आणि नव्या शहराबरोबर नवे उद्यान येतेच. म्हणून आंबेडकरी तरुणांनी आताच भूमिका घ्यावी, असे आम्हांला वाटते. उद्यानाचा आराखडा हा नागरी हक्काचा विषय आहे. तो केवळ बागकाम खात्यावर सोडून चालणार नाही.

महाडचा इतिहास हेच सांगतो. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरीही मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. कागदावर तळे खुले होते, पण काठ बंद होता. बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा हा खोटेपणा जगासमोर आला. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला तर गावात मांडव घालायला जागा मिळेना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. पाणी आणि जमायला जागा, सार्वजनिक म्हणवणाऱ्या ठिकाणाच्या याच दोन कसोट्या आहेत.

याच कसोट्या आजच्या शहराला लावून पाहू. खारघरला सिडकोचे सेंट्रल पार्क २०१० मध्ये खुले झाले. त्याला लागूनच सिडकोचेच गोल्फ कोर्स आहे. एका बाजूला हजारो लोकांसाठी बाग आणि शेजारी मूठभर खेळाडूंसाठी हिरवळ, दोन्ही सार्वजनिक संस्थेच्याच जमिनीवर. नवी मुंबई उभी राहिली ती ९५ गावांच्या जमिनीवर. १९८४ च्या उरण-जासईच्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची वाट खुली झाली. तो भूखंड जमीनधारकाला. त्याच जमिनीवर राबणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या भूमिहीन बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांचे काय? त्यांच्या वाट्याला नव्या शहरात उरते ते सार्वजनिक उद्यानच. तिथेही दुपारी कुलूप असेल, तर घरकामाच्या दोन पाळ्यांमध्ये तासभर टेकायला जागा शोधणाऱ्या बाईसाठी ते उद्यान नाहीच.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात उद्यानांतल्या वर्णभेदाला न्यायालयात आव्हान दिले गेले, तेव्हा पालिकेने १९५९ मध्ये सगळी उद्यानेच बंद केली. कृष्णवर्णीयांना बाकावर शेजारी बसू देण्यापेक्षा गोऱ्यांनी स्वतःच्या मुलांची बाग बंद ठेवणे पत्करले. १९६५ मध्ये उद्याने पुन्हा उघडली. आज कुणी उघड बंदी घालत नाही. प्रवेशशुल्क, सुरक्षारक्षकाची नजर आणि ‘येथे समूहाने बसू नये’ असा फलक, एवढ्यावर काम भागते.

आता पुतळ्यांविषयी. ‘पुतळ्यांऐवजी दवाखाने बांधा’ हा सल्ला आपल्यालाच दिला जातो. मायावतींनी २०११ मध्ये नोएडाचे राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ खुले केले, तेव्हा देशभर खर्चाचा हिशेब मांडला गेला. पुढच्याच निवडणुकीत तिथले हत्ती कापडाने झाकायला लावले. ज्यांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले, त्यांनी शहराच्या मध्यभागी दगडात उभे राहणे ही राजकीय कृतीच आहे. त्याबद्दल आम्ही कुणाची माफी मागणार नाही.

पण पुतळा मिळाला म्हणजे हक्क मिळाला, असे मानणेही घातक आहे. नेरूळच्या वंडर्स पार्कमध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. उद्या कुणी चवदार तळ्याचीही प्रतिकृती करील आणि तिच्याभोवती कुंपण घालून तिकीट लावील. तेव्हा टाळ्या वाजवायच्या का? मनुस्मृती जाळली तेव्हा वेदीभोवती खांब रोवून त्यांवर फलक लावले होते. आपल्या चळवळीची सार्वजनिक कला ती. तिने घोषणा कृतीच्या जागी उभी केली. आपल्या उद्यानातल्या शिल्पातही एकटे बाबासाहेब नकोत. त्यांच्यामागून तळ्याकडे निघालेली माणसे हवीत आणि स्वाभिमानाने लुगडे नेसण्याची पद्धत बदलणाऱ्या महाडच्या परिषदेतल्या स्त्रियाही हव्यात. आणि त्या शिल्पाच्या पायथ्याशी पिण्याच्या पाण्याचा चालू नळ हवा.

म्हणून प्रत्येक नव्या उद्यानाचा आराखडा माहितीच्या अधिकारात मागा. चार गोष्टी तपासा : मोफत पाणी आहे का, दुपारी फाटक उघडे असते का, स्त्रियांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का आणि जयंतीला, सभेला, अभ्यासवर्गाला जमता येते का. उत्तर नाही असेल तर लेखी हरकत घ्या, एकट्याने नव्हे, वस्तीच्या सह्यांसह. पुतळ्याची मागणी त्याच अर्जात, पण पाचव्या क्रमांकावर लिहा.

शताब्दीला महाडला जाऊच. पण परतल्यावर आपापल्या शहरातल्या पाणवठ्याकडेही चालत जाऊ.

जय भीम!