स्मिथ चालतो, मग लोहार कां चालत नाहीं?

आमच्या विक्रोळींत अलीकडे एक नवेंच वारें शिरलें आहे. पोराच्या दाखल्यावरचें लोहार, सुतार, कुंभार हें आडनांव बदलून द्या, असें म्हणत आईबाप शाळेंत येतात आणि गॅझेटांत नांव फिरविण्यासाठीं घामाचे पैसे घालतात. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण "आडनांव बदला, म्हणजे पोर सुधारेल" असें त्यांच्या कानीं लागणारा जो शहाणा आहे, त्यास आमचा सवाल आहे. बाबा, ज्या साहेबाची विद्या तूं शिकलास, त्याच्या आडनांवाचा अर्थ तुला ठाऊक आहे काय?

इंग्लंडांत सर्वांत अधिक आढळणारें आडनांव स्मिथ. त्याचा अर्थ लोहार! तेथेंही गांवोगांव भाता होता, ऐरण होती. सहाशें-सातशें वर्षांमागें करवसुलीचीं दप्तरें वाढलीं, तेव्हां दहा जॉनांतला हा कोणता जॉन हें कळावें म्हणून कारकुनानें धंदा लिहिला, आणि तोच पुढें वंशाला चिकटला. टेलर म्हणजे शिंपी. हा शब्द 1066 सालीं इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंच भाषेंतून आला, मूळ अर्थ 'कापणारा'. कार्टर म्हणजे गाडीवान, थॅचर म्हणजे घर शाकारणारा. कार्टर 1977 सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाला. थॅचरबाई (हें त्यांचें सासरचें नांव, बाप वाणी होता) 1979 पासून 1990 पर्यंत विलायतेच्या मुख्य प्रधान होत्या. आडनांव त्यांच्या आड आलें नाहीं.

विलायतेंतही उमराव होते आणि मजुरांचे हाल होते, हें आम्ही जाणतों. पण स्मिथाचा पोर कारकून झाला म्हणून त्याला वाळींत टाकणारी जातपंचायत तेथें नव्हती. धंदा सुटला, नुसतें नांव उरलें. आमच्याकडे धंदा जन्मालाच खिळ्यानें ठोकला, आणि आतां खिळा तसाच ठेवून नांव खरवडा म्हणतात!

बरें, कुलकर्णी म्हणजे तरी काय? गांवचा हिशेब लिहिणारा. चिटणीस पत्रें लिहिणारा, जोशी पंचांग सांगणारा. हींही धंद्याचींच नांवें. कुलकर्णी वतन 1950 च्या कायद्यानें गेलें, म्हणून त्या नांवाची कोणास लाज वाटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं; वाटूंही नये. मग लेखणी उंच आणि हातोडा हलका, ही वांटणी कोणीं केली? ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांनीं! लोहारानें फाळ पाजवून दिला नसता, तर कुलकर्ण्याच्या चोपडींत नोंदावयास दाणा तरी आला असता काय?

गोरोबा कुंभार, सांवता माळी, सेना न्हावी धंद्यासकट वारकऱ्यांच्या ओठीं आहेत. आणि जोतीरावांचें काय? त्यांचें घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें, मूळ आडनांव गोऱ्हे. पुण्यांत पेशव्यांकडे फुलें पुरविण्याचें काम घराण्याकडे आलें, आणि लोक त्यांस फुले म्हणूं लागले. माळ्याच्या टोपलींतलें हें नांव! जोतीरावांनीं तें टाकून गोऱ्हे लाविलें नाहीं. त्याच नांवानें 1848 सालीं मुलींची शाळा काढली, 1873 सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. मुंबईचे वाडिया घ्या. वाडिया म्हणजे जहाजें बांधणारा. लवजी नसरवानजी 1736 सालीं सुरतेहून त्याच कामाला येथें आले. त्यांच्या वंशजांनीं 1817 सालीं बांधलेलें सागवानी 'त्रिंकोमाली' जहाज आजही विलायतेंत हार्टलपूल बंदरांत तरंगत आहे.

खरी गंमत तर आमच्या विक्रोळींतच आहे. येथें गोदरेजच्या कारखान्यांत लोखंडी कपाटें घडलीं, आणि घाटावरचीं पोरें पोटासाठीं येथें आलीं. आयटीआय शिकलेलें लोहाराचें पोर "मी टर्नर आहे" असें छाती काढून सांगतें आणि आडनांव विचारलें कीं खालीं पाहतें. अरे, टर्नर हेंही इंग्रजाचें आडनांवच, आणि त्याचा अर्थ कातारी! इंग्रजींत म्हटलें कीं पगार, मराठींत म्हटलें कीं लाज!

ही लाज पोर आईच्या पोटांतून आणीत नाहीं. "काय रे कुंभारा, मडकीं घडवणार कीं गणित सोडवणार?" असें भर वर्गांत विचारणारे आमचे व्यवसायबंधु आम्हीं पाहिले आहेत. नांव बदलून त्यांचें तोंड बंद होत नाहीं; नव्या आडनांवाच्या पोरालाही "तुम्ही मूळचे कोण?" हें विचारलें जातेंच. तेव्हां आईबापांनीं गॅझेटाचे पैसे पोराच्या पुस्तकांत घालावे, आणि असें बोलणाऱ्या मास्तराविरुद्ध हेडमास्तरांकडे लेखी अर्ज द्यावा. ज्यास लिहितां येत नसेल त्याचा अर्ज आम्ही लिहून देऊं.

— एक शाळामास्तर, विक्रोळी