घरांतील वस्तु आणि त्यांचें वर्णन : खानदेशी खापर

तांब्या कसा असतो, असें कोणी विचारलें तर आपण हातानें आकार दाखवितों. शब्दांनीं सांगूं जातां अडखळतों. वस्तु समोर असते तोंवर यांत कांहीं बिघडत नाहीं. परंतु ती फुटली, किंवा घरची लेक दूर गांवीं संसार थाटूं लागली, म्हणजे नेमक्या वर्णनाची किंमत कळते. 1970 सालीं निघालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें वाटी-चमच्याचें माप घरोघर पोंचविलें. पदार्थाला असें माप मिळालें. भांड्याची बोळवण मात्र आपण 'मोठेंसें', 'बेताचें' एवढ्यावरच करतों.

उदाहरण नंदुरबारकडचें घेऊं. हा जिल्हा 1998 च्या जुलैंत धुळ्यापासून वेगळा झाला, तरी चालरीत खानदेशाचीच. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमरसाबरोबर खापरावरची पुरणपोळी हें तिकडील घरांचें भूषण. त्या खापराचें वर्णन पुढील क्रमानें करावें.

प्रथम नांव व काम : मोठी पुरणपोळी भाजण्याचें, चुलीवर पालथें घालावयाचें मातीचें भांडें. मग द्रव्य व आकार : भाजलेली माती, पाठ घुमटासारखी फुगीर, तोंड खालीं विस्तवाकडे.

तिसरें माप. फुगीर वस्तूचा व्यास पट्टीनें नीट मिळत नाहीं. यास्तव कांठाभोंवतीं दोरा गुंडाळून घेर मोजावा, त्यास 7 नीं गुणून 22 नीं भागावें. समजा, घेर 44 इंच भरला, तर व्यास 14 इंच. उंची व कांठाची जाडी निराळी लिहावी.

चौथें, क्रिया व तिचें कारण. पुरण भरलेला उंडा लाटीत नाहींत. दोन्ही हातांवर झेलीत वाढवितात व पोळी खापराच्या पाठीवर पसरतात. पाठ फुगीर असल्यामुळें पोळी स्वतःच्या भारानें चहूंकडे सारखी बसते. लोखंडाच्या मानानें मातींतून उष्णता सावकाश वाहते. म्हणून तलम पोळी एकाएकीं करपत नाहीं. हें कारण लिहिलें नाहीं, तर कोणी सपाट लोखंडी तवाच आणून देईल!

शेवटीं निगा. ओलें खापर एकदम मोठ्या जाळावर ठेवूं नये. मातींत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तें तडकतें. तापलेल्या खापरावर गार पाणीहि घालूं नये.

यांतील बहुतेक माहिती घरांतील आजी व सासूबाई यांच्या हातांत असते, कागदावर नसते. त्या आहेत तोंवर दोरा व वही घेऊन त्यांच्याजवळ बसावें. लिहून झालें कीं तें वर्णन, खापर न दाखवितां, एखाद्या कुंभारास वाचून दाखवावें. तो जो जो प्रश्न विचारील, त्याचें उत्तर वर्णनांत राहून गेलें आहे असें समजून तें भरावें.