कांताबाईचं आडनाव काय?

हिंदी मालिकेत घरकामाची बाई आली, की पुढचं सगळं आपल्याला पाठ असतं. वर खोचलेली साडी, मोठी टिकली, वाक्यावाक्याला 'काय को', आणि नाव कांताबाई नाहीतर शांताबाई. आडनाव मात्र नसतं.

कोणी म्हणेल, मुंबईत मराठी बायका घरकाम करत नाहीत का? करतात की! त्यात लाज कसली? आमच्या मुलुंडच्या घरी येणाऱ्या मावशी भांडुपहून येतात, भिशी चालवतात, मुलीच्या बारावीची काळजी करतात आणि राजकारणावर माझ्यापेक्षा ठाम बोलतात. मालिकेतली बाई चहा आणते, चुगली करते आणि जाते. माझी तक्रार एवढीच आहे.

लक्ष्मीकांत बेर्डेंचंच बघा. 1988 साली 'अशी ही बनवाबनवी'त ते नायकांपैकी एक. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'त नोकर, आणि 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मध्ये पुन्हा नोकर!

पण हिंदीत चांगलं काही झालंच नाही असंही नाही. 1988 ची दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' आठवते? व्यक्तिरेखा म्हैसूरच्या आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शक कुंदन शाह, वागळे झाले अंजन श्रीवास्तव. तरी तो आपल्या शेजारचाच वाटला, कारण त्याला पगार होता, बायको होती, भीती होती. 'इंग्लिश विंग्लिश'मधली (2012) शशी गोडबोलेही तशीच. म्हणजे प्रश्न मराठी-अमराठीचा नाही, माणसाकडे नीट बघण्याचा आहे.

आणि आपण तरी काय करतो? आपल्या नाटकांत, मालिकांत गुजराती शेठ मोडकं मराठी बोलून हशा घेतो आणि जातो. घाटकोपरला शेजारी राहणारा गुजराती माणूस एवढाच असतो का? शिवाय आपल्या मालिकांतली 'चांगली घरं' बहुतेक ठरावीक आडनावांचीच. डुकरं पकडणाऱ्या कैकाडी घरातला जब्या नायक म्हणून दिसायला नागराज मंजुळेंचा 'फँड्री' (2013) यावा लागला.

असो. टीव्हीच तो, एवढं काय मनावर घ्यायचं, असं म्हणता येईल. पण आमच्या सोसायटीतली पोरं लिफ्टमध्ये मराठी वळणाच्या हिंदीची नक्कल करून खिदळतात, आणि त्यांत मराठी पोरंही असतात. त्यांच्या आज्या तशीच हिंदी बोलतात. उद्या ही पोरं मित्रांसमोर आजीशी बोलायला लाजली, तर त्याला काय म्हणायचं?