रंग उडण्यापूर्वी

मुंबईस वस्तुसंग्रहालये लाभली, ती केवळ सरकारच्या कृपेने नव्हे. राणीच्या बागेतील जे संग्रहालय १८७२ साली लोकांस खुले झाले, त्यासाठी नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड प्रभृतींच्या पुढाकाराने वर्गणी जमली होती. १९२२ साली उघडलेल्या आणि आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या संग्रहालयासही नागरिकांच्या देणग्यांचा आधार होता. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांचे बहुमोल संग्रह त्यास लाभले. वास्तू उभी राहिली, वस्तू आल्या. परंतु त्या जगवावयाच्या कोणी?

कागदावरील लघुचित्र ही अतिशय नाजूक वस्तू आहे. प्रकाशाने एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच अशी चित्रे मंद उजेडात ठेवण्याचा व काही काळाने विसाव्यास पाठविण्याचा दंडक आहे. तांब्यापासून केलेला हिरवा रंग खालच्या कागदासच हळूहळू जाळीत असतो. त्यात मुंबईचा पावसाळा! दमट हवेत बुरशी धरते, कसर लागते. यावर इलाज आहे. पण त्यास शिकलेले हात हवेत, आणि अहोरात्र एकसारखी राखलेली हवा हवी. हा खर्च एकदा करून संपत नाही, दरवर्षी येतो.

आणि येथेच आमच्या दातृत्वाचा हात आखडतो. नव्या दालनास नाव मिळते, संगमरवरी पाटी मिळते. जतनाच्या कामाचा उद्घाटन समारंभ नसतो. काही घडलेच नाही असे पाहणाऱ्यास वाटावे, यातच त्या कामाचे यश!

हे सरकारचे कर्तव्य नव्हे काय? आहेच, आणि त्यातून सरकारला सुटका नाही. मोठ्या कंपन्यांनी समाजकार्यावर करावयाच्या खर्चातही २०१४ पासून कलाकृतींचे जतन कायद्याने धरले आहे. तथापि जे सर्वांचे आहे, त्यात सर्वांचा वाटा असणे वेगळे. २०१३ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने समोथ्रेसच्या विजयदेवतेच्या डागडुजीसाठी लोकांपुढे हात पसरला, तेव्हा साडेसहा हजारांहून अधिक दात्यांनी मिळून दहा लक्ष युरो दिले. त्यांतील बहुतेकांचे नाव कोणी शिळेवर कोरणार नव्हते.

संग्रहालयांनीही दात्याचा विश्वास संपादन केला पाहिजे. कोणत्या चित्रास काय झाले आहे, उपचारास किती लागेल, हे उघड सांगावे. जमलेल्या पै-पैचा हिशेब प्रसिद्ध करावा. आणि उरलेल्या रकमेचा कायम निधी करून त्याच्या व्याजावर हे काम चालवावे. एवढे झाले, तर नाटकाच्या एका तिकिटाइतकी रक्कम वर्षाकाठी देण्यास या नगरीतील सुशिक्षित वर्ग मागे राहील, असे आम्हांस वाटत नाही. पडलेली इमारत पुन्हा उभारता येते. विटलेले चित्र पुन्हा काढावयास तो चितारी परत येणार नाही.