तारांचा तावीज

फुंकलेल्या पाण्याने वेड जात नाही, हे आता आमच्या मोहल्ल्यातही बऱ्याच जणांना पटलंय. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ साखळदंडाने बांधलेले मनोरुग्ण जळून मेले, तेव्हाच पटायला हवं होतं. पण तोच शहाणा झालेला बाप तारांची टोपी आणि पडद्यावरचा लाल-निळा मेंदू पाहिला की मान डोलावतो. न्यूरोफीडबॅक म्हणतात त्याला. मी बीएड झालेला मास्तर, डॉक्टर नव्हे; पण एका जागी न बसणारी पोरं रोज माझ्यासमोर असतात, आणि 'औषधाविना एकाग्रता' सांगणारी पत्रकं त्यांच्या अम्मी मलाच आणून दाखवतात.

डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, लहरी हव्या तशा आल्या की पडद्यावरची गाडी पळते. कल्पना वाईट नाही, म्हणून तर ती तपासली गेली. अमेरिकेत एडीएचडी असलेल्या 7 ते 10 वर्षांच्या 144 मुलांना प्रत्येकी 38 बैठका दिल्या. काहींची गाडी स्वतःच्या लहरींवर पळत होती, बाकीच्यांची दुसऱ्याच मुलाच्या आधी नोंदवून ठेवलेल्या लहरींवर. कुणाला काय मिळतंय हे पालकांना माहीत नव्हतं. 2021 साली निकाल छापून आला : दोन्ही गट सुधारले, जवळपास सारखेच. लंडनमध्ये 88 मुलग्यांना एमआरआयमध्ये झोपवून असाच प्रयोग झाला (2022), तिथेही खरं यंत्र खोट्याला मागे टाकू शकलं नाही.

मग पोरं सुधारली कशाने? माझा अंदाज मास्तराचा आहे. ठरल्या वेळी एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी बसतं, जमलं की शाबासकी देतं. पन्नास पोरांच्या वर्गात ते आम्ही देऊ शकत नाही, याची लाज सरकारला वाटायला हवी.

"पण नुकसान तर नाही ना?" असं विचारतात. आहे. हप्त्याने भरलेले पैसे जातात ते जातातच, डॉक्टरांनी दिलेली गोळी मध्येच बंद होते. आपल्या सीपीआरमध्ये केसपेपर काढून मानसोपचारतज्ज्ञ भेटतो. 14416 वर टेली-मानसचा फोन फुकट लागतो. तिथे रंगीत मेंदू दाखवत नाहीत, एवढंच.

जादुई उपायांच्या जाहिरातींवरचा 1954 चा कायदा तावीज, मंत्र, कवच यांची नावं घेऊन बोलतो. या टोपीच्या जाहिरातीवर बोट ठेवणारा मला कोल्हापुरात अजून भेटलेला नाही. तोवर पैसे भरण्याआधी पालकांनी एवढंच विचारावं : खोट्या यंत्राशी तुलना करून पाहिलीत का? कागद दाखवा.